मेढ्याच्या परड्यातनं दिसलेलं फुटकं शेंडेनक्षत्र

मेढ्याला गाडी भरून मानसं गेली ती शेंडेनक्षत्र बघायला, आन् मी एकटी गेले ती न बघायला. आधीच सांगते, म्हंजे ही बाई शूर हाय आसं कुनाला वाटायला नगं. मला कुत्र्याचं भ्या वाटतंय, लिफ्टचं वाटतंय, दवाखान्यात नुसतं नाव पुकारलं तरी पाय गार पडत्यात. शाळा माझी नववीत सुटली. पर बरोबर आलेल्या डॉक्टर बाई म्हनल्या, आपल्या आकाशदर्शन मंडळाच्या अंकात तुम्ही लिहाच, जसं बोलता तसं लिहा. बाकीचे सगळे आकडे लिहिणार, तिथं जेवायला काय होतं हे कुणीच सांगणार नाही. म्हनून लिवते.

कुपवाड

आमी मूळचे आटपाडीकडचे, मेंढरंवाले. आता हे, म्हंजे माझे मालक, कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर हायती. सांगलीत गुरव सर म्हनून हायती, शाळेत शास्त्र शिकवायचे, आता रिटायर. सरांनी गॅलरीत बसून काचेवर काच घासून घासून दुर्बिनीचा आरसा केला, भाकरीच्या तव्याएवढा. पर नुसत्या आरशानं काय व्हतंय, दुर्बीन उभी ऱ्हायाला बूड लागतं. ते बूड ह्यांनी केलं, सुट्टीदिवशी, भंगारातलं बेअरिंग घालून. तवापासनं हे मंडळातलेच झाले. आमच्या खोलीत दोन भांडी ठेवायला जागा न्हाई आन् हे मला जेवताना शनीचं कडं सांगत्यात.

दिवाळी झाली आन् सरांचा फोन आला. एक शेंडेनक्षत्र सूर्याला वळसा घालून माघारी चाललंय आन् जाताजाता फुटलंय. तुकडं पडाय लागल्यात. सांगलीत दिव्यांच्या उजेडात काय दिसनार न्हाई, मेढ्याला वळखीच्या सुभेदारांच्या घरामागच्या परड्यातनं दिसंल, पहाटेचं. बूड हालतंय, तवा तुमी पायजेच.

मी पाचव्या म्हैन्यात. आत्ती, माझी सासू, नणंदेच्या बाळंतपणाला आटपाडीला गेलेली. मला आन् सानूला खोलीत एकटं ठेवून ह्यांचा पाय निघंना, आन् दुर्बीन सोडून ऱ्हाववंना बी.

"तू बी चल की. सुभेदारांचं घर मोठं हाय. तू आत झोप. मी तुला बघ म्हननार न्हाई."

ह्यांनी आत्तींना फोन केला तर पलीकडनं पाळण्यातलं पोर रडतंय आन् आत्ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं. "फुटलेलं? फुटलेलं बघाया गरवार बाय न्यायाची? सानूच्या टायमाला काय झालं ते इसरलासा व्हय रं?"

आता सानूचं सांगायला पायजे. सानू माझी पोरगी, संक्रांतीला तीन वर्सांची व्हईल. जन्मली तवा तिचा वरचा ओठ मधनं दुभंगलेला हुता, नाकापर्यंत. मिरजेला ऑपरेशन करून शिवला, आता नुसती एक रेघ हाय. पर ती पोटात आसताना दिवाळीत सूर्याला गिरान लागलं हुतं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. गिरानात पोटुशी बाईनं काय चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई. मी काय बी चिरलं न्हवतं. हातपाय सरळ सोडून भिंतीला बसले हुते. पर पोरगी बघायला आलेली पर्तेक बाई म्हनायची, आठव बाय, काय तरी चिरलं आसशील. रोज आठवून आठवून मला खरंच आठवाय लागलं. वाटाय लागलं, करंजीचं पीठ उरलेलं, मी एक करंजी लाटून कातण्यानं तिची कड कापली. खरं कापली का न्हाई ते देव जानं. पर ती करंजी मला अजून डोळ्यांम्होरं दिसते, कापलेली कड सुद्धा. त्या वर्सापासनं मी करंजी करत न्हाई.

आन् सोमवारी सांगलीत माझी पाचव्या म्हैन्यातली मोठी सोनोग्राफी हुती. त्यात बाळाचा ओठ दिसतो.

रस्ता आन् सातारा

शनिवारी दुपारी निघालो. सरांची जुनी गाडी, पुढं सर आन् हे, माघं मी, सानू आन् डॉक्टर बाई. दुर्बिनीचं नळकांडं आमच्या तिघींच्या मांडीवर आडवं, गोधडीत गुंडाळलेलं. सानूला वाटलं कोनतरी झोपलंय, ती त्याला थोपटत हुती.

डॉक्टर बाई म्हंजे मिरजेच्या शबाना बाई, दातांच्या डॉक्टर. आवाज मोठा, हसनं त्याहून मोठं. पेठ नाक्याच्या आधी उसाच्या ट्रॉल्यांमाघं आडकलो तवा त्यांनी सानूची हनुवटी बोटानं वर केली आन् ओठाकडं नीट बघितलं. माझा जीव कानात आला. लोक सानूकडं बघत्यात आन् पटकन दुसरीकडं बघत्यात, ते मला पाठ हाय. ह्या बघतच ऱ्हायल्या.

"कुणी केलं हे? काय सुरेख टाके घातलेत! सर, मागं बघा जरा."

"शबाना, मी गाडी चालवतोय."

"मग नका बघू. पण सुरेख आहे."

मी त्यांना शेंगदाण्याचा लाडू दिला.

साताऱ्यात च्याला थांबलो. वर अजिंक्यतारा, खाली पेढ्यांची दुकानं. मी कंदी पेढा कधी ताजा खाल्ला न्हवता, आमच्याकडं पोचतो तवर त्याचा खडा झालेला आसतो. ह्यो तोंडात टाकला की विरघळला, भाजलेल्या खव्याचा वास नाकात. तवर च्यावाला गाडीच्या काचंतनं वाकून बघत हुता.

"सोलरचा बंब नवीन हाय का सेकंडहँड?"

"बंब न्हाई, दुर्बीन हाय," हे म्हनले.

"एवढी? काय बघता?"

"शेंडेनक्षत्र. फुटलंय."

त्यानं माझ्या पोटाकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, आन् माझ्या कपात अजून च्या वतला. मला ते लय लागलं. म्हंजे ह्याला बी ठावं हाय, मी मनात म्हनलं. सगळ्यांना ठावं हाय, नुसतं ह्या गाडीतल्या मानसांना ठावं न्हाई.

मेढा

आमच्याकडं डोंगर म्हंजे उघडा माळ, मेंढरू दोन कोसावरनं दिसतं. मेढ्याकडं डोंगर आंगावर येत्यात. हिरवं, दाट, आन् ऊन लवकर गडप. रस्त्याकडंला भाताची कापनी झालेली, पेंढ्यांचा गोड वास गाडीत यायचा. मला तो आवडला बी आन् एवढी झाडी बघून भ्या बी वाटलं.

सुभेदार आप्पा फौजेतनं आलेले, मिशा पांढऱ्या पर पाठ अजून सरळ. नळकांडं बघून म्हनले, "तोप आ गयी! कुनावर रोखायची?" त्यांची बायको, काकी, ठेंगणी, गालातल्या गालात हसनारी. तिनं आल्याआल्या माझ्या पायावर कोमट पानी घातलं आन् म्हनली, "कितवा? पाचवा न्हवं? चालन्यावरनं कळतंय."

जेवायला नाचनीची भाकरी, घेवड्याची आमटी, आन् भात. भाताचा ढीग! आमच्याकडं भात म्हंजे शेवटाला मूठभर, पावना आला तर. इथं भाकरी नावाला आन् भात पोटाला. नवा भात, चिकट, वासाचा, वर तूप. सानूनं बाजरीशिवाय कवा काय मागितलं न्हवतं, ती दोन्ही हातानं खात हुती. काकीनं मला परत परत वाढलं. आन् हितं लोनच्यात मिरच्या कमी, हे बी सांगते, कुनी आमच्याकडचं जानार आसंल तर आपली चटनी न्यावी.

मंग ह्यांनी परड्यात बूड ठेवलं, कोथिंबिरीच्या वाफ्याशेजारी. लेव्हलपट्टीतला बुडबुडा मधी आनून सरळ केलं, खाली पोत्याच्या घड्या घातल्या. हालायचं थांबलं. मला दारातनं दिसत हुतं, दुर्बीन मातुर आंधारात नुसती काळी. त्या लोकांची एक रीत हाय, बॅटरीला लाल कागद लावत्यात. पांढरा उजेड डोळ्यात गेला की बारीक तारं दिसायचं बंद व्हतं म्हनं. सगळ्यांची तोंडं लाल, हात लाल. मला ते बघवंना.

काकीला म्हनलं, "तुमी बघता का?"

"मला झोप लाडकी," काकी म्हनली. "आपल्या घरातल्या मानसाकडं बघायला येळ न्हाई, वर कवा बघू?"

मी आतल्या खोलीत गेले. खिडकी लावली, फटीत वर्तमानपत्र कोंबलं. सानूच्या डोळ्यात काजळ घातलं, रोजच्यापेक्षा जाड, गालाला तीट, तळपायाला तीट. माझ्या डोळ्यात बी घातलं. मंग तिला पोटाशी घेऊन पडले. पोटात एक आन् पोटाशी एक.

पहाट

जाग आली तवा शेजारी गोधडी हुती, सानू न्हवती.

मी उठले कशी, पळाले कशी, ठावं न्हाई. माजघरातनं माघल्या दारापर्यंत आले आन् उंबऱ्यावर थांबले. पाय पुढं पडंना. बाहेर ते हुतं. बाहेर सानू बी हुती. मी चौकट धरून तिथंच उभी. थंडी आसली की दात वाजत हुते.

परड्यात सर कुरकुरत हुते. "काहीच दिसत नाही. आत्ता तर दिसत होतं. दव पडलं का?"

"बघू. दव नाही हो हे." डॉक्टर बाईंनी डोळा लावायच्या भिंगावर रुमाल फिरवला, लाल बॅटरीत धरला. रुमाल काळा. "काजळ! सर, तुम्ही काजळ घालता?"

आन् मंग मला हे दिसले. खांद्यावर सानू, शालीत गुंडाळलेली, एका डोळ्याचं काजळ गालावर उतरलेलं.

"आवं," मी वरडले. "आवं काय केलंसा तुमी!"

"मुतायला उठली हुती गं," हे म्हनले, चोरी पकडल्यागत. "मला हाका मारत दारात आली. म्हनली, मी बी. मी दाखवलं. मला वाटलं तुला कळनार न्हाई."

"पोरीला दाखवलंसा! तिला एक झालंय ते पुरं न्हवतं?"

मंग माझं सगळं बाहेर पडलं. उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन, परक्या लोकांम्होरं, रडत. गिरान, करंजी, कातनं, कापलेली कड, मिरजेचा दवाखाना, तिला दूध पिता यायचं न्हाई आन् मी चमच्यानं थेंब थेंब घालायची ते. ह्यांनी माझ्या तोंडनं करंजीचं कवाच ऐकलं न्हवतं. कुनालाच सांगितलं न्हवतं. सोमवारी बाळाचा ओठ बघनार हायती आन् आज तुमी हे, आसं काय काय मी बोलले.

गोठ्यात म्हस खुराक चघळत हुती.

डॉक्टर बाई आल्या आन् माझ्याजवळ उंबऱ्यावरच बसल्या, आतल्या बाजूला, मला बाहेर न वढता.

"ग्रहण दिवाळीत होतं?"

"व्हय."

"आणि ही झाली संक्रांतीला. दिवस पूर्ण भरून?"

"व्हय, पुरं भरून."

"म्हणजे दिवाळीत सातवा. डोहाळेजेवण झालं होतं?"

"त्याच आठवड्यात हुतं. हिरवी साडी घेतली हुती."

"मग ऐका. ओठ केव्हा जुळतो माहितीय? दुसऱ्या महिन्यात. बाळ पावट्याच्या दाण्याएवढं असतं तेव्हा. जुळला तर तेव्हाच जुळतो, राहिला तर तेव्हाच राहतो. तुमचं म्हणजे उन्हाळ्यातच. ग्रहण आलं तेव्हा हिचा ओठ कधीचाच असा होता. तुम्ही कापल्या असत्या शंभर करंज्या, तरी काय होणार होतं?"

मी म्हनलं, "उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात मी काय करत हुते? मला दिवस गेल्यात हेच धड कळलं न्हवतं. नणंदेचं लगीन हुतं. मी मांडवात नाचले हुते. आंबं खाल्लं हुतं, हाताला रस आन् सगळी मला हसत हुती. तवा, त्या मांडवात, माझ्या पोटात सानूचा ओठ तसा ऱ्हायला, आन् कुनाला ठावं न्हवतं, आन् कुनी काय केलं न्हवतं. मला तिची लय माया आली. एवढीशी, पावट्याएवढी, एकटीच.

"मग कशानं हुतंय?" मी इचारलं.

"पुष्कळदा कळत नाही. होतं. आईनं केलेलं नसतं एवढं मी सांगते."

सर मधी बोलाय लागले, "त्याचं असं आहे की ग्रहण म्हणजे नुसती सावली..."

"सर," डॉक्टर बाई म्हनल्या, "तुम्ही तुमचं शेपूट बघा. उजाडेल."

खरंच उजाडाय आलं हुतं. डोंगरामाघं राखेगत उजेड. हे सानूला घेऊन जवळ आले. म्हनले, "करंजीचं मला का न्हाई सांगितलंस?" सानूनं हात पसरलं, ती माझ्याकडं आली, गार गाल माझ्या मानंला लावला.

"आये, धूर," ती म्हनली, वर बोट करून. "धूर हाय थितं."

मी उंबरा वलांडला. कुनी म्हनलं न्हाई, बघ. हे दुर्बिनीजवळचं स्टूल धरून उभं ऱ्हायले तेवढं. मला वाटतं माझ्या डोक्यात एवढंच हुतं की पोरीनं बघितलंय ते मी बघितलं पायजे, ती एकटी नगं.

मी डोळ्यातलं काजळ पदरानं पुसलं. तेवढं मला कळत हुतं.

डोळा लावला. काळं. नुसतं काळं आन् बारीक तारं, मोहरीगत. "काय बी न्हाई."

"सरळ बघू नका," सर म्हनले, आन् आता त्यांचा आवाज मऊ झाला हुता. "मधे बघितलं की ते लपतं. जरा कडेला बघा, त्या ताऱ्याकडं, आणि लक्ष मात्र मधे ठेवा."

मी कडंला बघितलं. आन् मधी ते आलं. आरशावर तोंडाची वाफ धरावी तसं, पुसट, जरा लांबट. शेपूट म्हनावं तर म्हनावं. त्यानं कुनाला काय केलं आसंल आसं वाटंना. कुनी हात लावला तर पुसून जाईल आसं वाटलं.

डॉक्टर बाईंची एक बारकी दुर्बीन हाय, कॅमेऱ्याची. त्यातला फोटू त्यांनी लॅपटॉपवर दाखवला. त्यात तीन ठिपकं, एकामाघं एक, आन् तिघांभोवती एकच धुकं.

"कशानं फुटलं?"

सर म्हनले, "सूर्याच्या फार जवळून गेलं. आतून बर्फच आहे, कच्चं. तापलं आणि तडकलं. त्याच वाटेनं दुसरी जातात ती टिकतात, हे नाही टिकलं."

"आता ते तुकडं?"

"चाललेत पुढं. बरोबरच."

मी परत डोळा लावला. उजेड वाढला तसं ते कमी कमी व्हत गेलं आन् मंग तारं बी गेलं. काकी च्या घेऊन आली आन् म्हनली, "झालं का बघून? का घरातल्या मानसाला बी कुनी बघनार हाय?" सुभेदार आप्पांनी तिच्याकडं दुर्बीन रोखायचं सोंग केलं, तर तिनं त्यांना पदरानं हानलं.

माघारी

साताऱ्यात पेढं घेतलं. गाडीतनंच आत्तींना फोन लावला. लपवायचं माझ्या जीवावर आलं हुतं.

"आत्ती, मी बघितलं."

पलीकडं पाळण्याचं कुईकुई. मी उन्हाळ्याचं, पावट्याचं, सगळं एका दमात सांगितलं. आत्ती कुठं मधी बोलल्या न्हाईत, आसं कवा झालं न्हवतं.

मंग म्हनल्या, "त्या लग्नात मीच तुला वढून नाचायला लावलं हुतं."

"आत्ती, त्यानं बी न्हाई व्हत."

"न्हाई न्हवं?" त्यांचा आवाज लय बारीक झाला. मला कळलं, तीन वर्सं मी करंजी धरून बसले, तशा त्या बी काय तरी धरून बसल्या आसतील. मंग एकदम नेहमीसारख्या म्हनल्या, "आन् कसं हुतं ते मेलं?"

"धुरागत."

"एवढंच? त्यासाठी एवढ्या थंडीत गेलासा!"

सांगली

सोमवारी आत्ती आटपाडीच्या पयल्या एस्टीनं थेट दवाखान्यात आल्या. मला भ्या वाटत हुतं, खोटं का सांगू. ओठ कसा आसंल त्याचं भ्या हुतंच. पर ते नुसतं भ्या हुतं. आधी त्यात दुसरं काय तरी कालवलेलं आसायचं, ते न्हवतं.

आत डॉक्टरांनी लय येळ बघितलं. पाठीचा कना बरा, हृदय बरं, हातपाय बरं. मंग एके जागी यंत्र फिरवत ऱ्हायले. मला उठवून चालवलं, गोड खायला लावलं, मी पेढा खाल्ला, परत झोपवलं. परत तेच.

"तोंड दिसत नाहीय," ते म्हनले. "बाळानं हात धरलाय तोंडावर. काढतच नाहीय. आठ दिवसांनी या परत."

बाहेर येऊन सांगितलं. हे हसाय लागले आन् हसताहसता त्यांच्या डोळ्यात पानी आलं. आत्ती म्हनल्या, "बापावर गेलंय, सांगायचं ते सांगत न्हाई." सानू बाकावर उभी हुती. तिला काय कळलं कुनास ठावं. तिनं माझा पदर बाजूला केला, पोटाला तोंड लावलं, ते रेघ आसलेलं तोंड, आन् आतल्याला म्हनली,

"ए बाळा. हात काड. पापा घिऊ दी."